वारा आणि उघड्यावरील अँटेना

गच्चीवर, खांबावर किंवा मनोऱ्यावर बसवलेल्या अँटेनांवर आणि त्यांना मिळणाऱ्या सिग्नलवर वाऱ्याचा होणारा परिणाम. वाऱ्याने सिग्नल ‘उडून जातो’ हा समज चुकीचा आहे. रेडिओलहरींना हवेच्या वाहण्याने व्यवहारात काहीच फरक पडत नाही. हलतात ती तबकडी, तिचा खांब आणि वाटेतली झाडे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 100 किमी वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे 48 किलो वजनाइतका रेटा देतो. खोलगट बाजूने वारा घेणाऱ्या तबकडीवर त्याहूनही जास्त. 60 सेंमी व्यासाच्या डीटीएच तबकडीचा मुख्य झोत, म्हणजे ती सिग्नल जोरात टिपते तो कोन, जेमतेम 3 अंश रुंद असतो. ती दीड अंश ढळली तरी मिळणारी शक्ती निम्म्यावर येते. निरभ्र आभाळात एवढी घट खपून जाते. वळवाच्या पावसात मात्र पाण्याचे थेंबही लहरी शोषत असतात आणि चित्र गोठते. वारा पडल्यावर सिग्नल आपोआप परतला, तर बहुधा खांब डुलत होता. पाऊस थांबूनही परतला नाही, तर तबकडी पकडीत फिरली का ते आधी पाहावे. वाटेत झाडाची ओली फांदी असेल, तर सिग्नल सतत वर-खाली होत राहतो.

वाऱ्याच्या भाराच्या प्रश्नाचे सर्वांत देखणे उत्तर जुन्नर तालुक्यात खोडदजवळ उभे आहे. तिथल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपमध्ये, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या दुर्बिणीत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. सलग पत्र्याच्या तबकडीवर ताशी 100 किमीच्या समोरच्या वाऱ्याचा भार 75 टनांहून अधिक झाला असता. ही दुर्बीण उभारणारे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी पत्र्याऐवजी 0.55 मिमी जाडीच्या पोलादी तारांची जाळी ताणून बसवली. जाळीची भोके 10 ते 20 मिमी, तर टिपायच्या लहरींची लांबी सुमारे 20 सेंमीपासून पुढे. त्यामुळे लहरींना जाळी सलग आरशासारखी वाटते आणि वारा मात्र आरपार निघून जातो. केबलचालकांच्या मोठ्या जाळीदार तबकड्यांमागेही हेच तत्त्व आहे. डीटीएचच्या लहरी अडीच सेंमीच्या, म्हणून तिथे बहुधा सलग पत्राच वापरतात.

तरीही जोराच्या वाऱ्यात खोडदच्या तबकड्यांनी चाललेले आकाशाचे निरीक्षण थांबवून त्यांची तोंडे थेट डोक्यावरच्या आकाशाकडे वळवून ठेवतात.