गॅमा मिटतं, बीटा उघडतं

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घेऊन जन्मलेलं बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार नवा नाही. पण दोष जन्माआधीपासूनचा, मग दुखणं एवढं उशिरा का?

आईच्या पोटात बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये गॅमा ग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. जन्मानंतर गॅमाचं जनुक हळूहळू मिटतं आणि बीटाचं उघडतं. बिघाड असतो तो या बीटात! डीएनए तोच राहतो. त्यातलं कोणतं जनुक कधी बोलतं आणि कधी गप्प बसतं, ते वयाप्रमाणे बदलतं. २०२३ साली मान्यता मिळालेला सिकलसेलवरचा जनुक-संपादन उपचार याच जोरावर उभा आहे. मिटलेलं गॅमा तो पुन्हा उघडतो.

रक्त सुईने काढता येतं, म्हणून ही अदलाबदल कळली तरी. वाढत्या मुलाच्या मेंदूतली, हृदयातली अदलाबदल कशी पाहणार? निरोगी मुलाच्या मेंदूचा तुकडा कुणी काढत नाही, काढूही नये.

अमेरिकेत २०१० साली सुरू झालेल्या जीटेक्स प्रकल्पाने मृत्यूनंतर दान मिळालेल्या सुमारे हजार जणांच्या ऊती तपासल्या, शरीरातल्या पन्नासहून अधिक जागांच्या. दाते मात्र सगळे प्रौढ. आता त्याचंच धाकटं भावंड, डीजीटेक्स, नवजात ते अठरा वर्षांपर्यंतच्या १२० मृत मुलांच्या ऊती चार वयोगटांत गोळा करायला निघालं आहे.

मोजायचा असतो आरएनए, म्हणजे जनुक बोलतं तेव्हा त्याची तयार होणारी नक्कल, आणि तो भलताच नाशवंत. तो किती शाबूत आहे याला १ ते १० गुण देतात. १० म्हणजे अखंड. मृत्यूनंतर नमुना टिकवण्याच्या द्रावणात पडेपर्यंत किती मिनिटं गेली, ही नोंदही जीटेक्समध्ये नमुन्यासोबत असते.

नेमक्या याच वेळात कुणीतरी आईबापांना विचारायचं असतं. अवयवदानाचं बोलणं आधी, संशोधनाचं त्यानंतर. मला तरी या सगळ्या विज्ञानातलं सर्वांत अवघड काम हेच वाटतं. प्रौढ माणूस हयातीत आपली इच्छा सांगून ठेवू शकतो. दोन वर्षांच्या मुलाने काय सांगितलं असतं, कोण जाणे. शिवाय त्या मुलाचा जनुकसंच त्याच्या एकट्याचा नसतो. निम्मा आईचा, निम्मा बापाचा, आणि घरात खेळणाऱ्या भावंडाशीही सरासरी निम्मा जुळणारा. म्हणून जीटेक्समध्ये कोणत्या ऊतीत कोणतं जनुक किती चालतं याचे एकत्रित आकडे कुणालाही पाहता येतात, पण एकेका दात्याचा डीएनए क्रम रीतसर परवानगी घेतलेल्या संशोधकांनाच मिळतो.