डेस्कटॉपच्या जागी मोठा लॅपटॉप : घेण्याआधी वाचा, घेतल्यावर जपून ठेवा

१७ किंवा १८ इंची लॅपटॉप घ्यायला आमच्या दुकानात येणारे ग्राहक बहुधा प्रोसेसरचं आणि ग्राफिक्स कार्डाचं नाव पाठ करून येतात. नाव बघाच, पण त्याच्याही आधी दोन गोष्टी विचारा. मशीनच्या आत किती वॉट वीज जाते? आणि तेवढी उष्णता बाहेर निघायला वाट आहे का? पुढची सगळी सुखदुःखं या दोन प्रश्नांतून निघतात.

तुम्हाला हे मशीन हवंच आहे का?

नुसतं मशीन साधारण ३ ते साडेतीन किलोचं असतं. अ‍ॅडॅप्टर पाऊण ते एक किलोचा. पिशवी धरून हे ओझं साडेचार किलोच्या पुढे जातं. रोज लोकलने किंवा एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही हे मशीन सुचवत नाही. टॅली, जीएसटी रिटर्न, ऑफिसची कागदपत्रं एवढंच काम असेल तर इथे पैसे घालू नका. मशीन टेबलावरून कधीच हलणार नसेल तर तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त काम देतो, आणि त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

मोठा लॅपटॉप कामाचा कुणाला? आठवड्यातून दोन-तीनदा घर, ऑफिस आणि साइट यांच्यात मशीन न्यावं लागणाऱ्याला : लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, थ्रीडी रेंडर (मॉडेलवरून तयार केलेली चित्रं) काढणारे आर्किटेक्ट, जड सिम्युलेशन चालवणारे इंजिनिअर. रोज आकडे भरणाऱ्यांना पूर्ण नंबर पॅड मिळतो हा आणखी एक फायदा. मात्र नंबर पॅडमुळे मुख्य कीबोर्ड डावीकडे सरकतो. त्याची सवय व्हायला काही दिवस जातात. दुकानात उभ्याने बोट फिरवू नका, बसून दोन ओळी टाइप करून बघा.

नावामागचे वॉट

एकाच नावाचं ग्राफिक्स कार्ड दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या ताकदीनं चालतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०७० चं उदाहरण घ्या. लॅपटॉपमध्ये ही चिप ३५ ते ११५ वॉट अशा रुंद पट्ट्यात बसवता येते. पातळ लॅपटॉपमधली ४०७० आणि जाड लॅपटॉपमधली ४०७० यांच्या रेंडरच्या वेळेत म्हणूनच चांगलाच फरक पडतो. डेस्कटॉपची ४०७० तर २०० वॉटची आहे आणि तिच्यावर १२ जीबी मेमरी असते. लॅपटॉपच्या ४०७० वर ८ जीबी. आरटीएक्स ५०९० ची मेमरी डेस्कटॉपवर ३२ जीबी, लॅपटॉपवर २४ जीबी. थ्रीडी सीन मोठा असेल तर ही मेमरीच आधी संपते. काही सॉफ्टवेअर मग साध्या रॅमचा आधार घेऊन रखडत चालतात, काही रेंडर मध्येच सोडून देतात. कार्डावरची मेमरी नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे हा निर्णय खरेदीच्या दिवशीच घ्यावा लागतो.

वॉटचा आकडा कंपनीच्या माहितीत 'टीजीपी' किंवा 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' या नावानं, बहुधा बारीक अक्षरांत छापलेला असतो. मशीन सुरू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्येही तो दिसतो. आमच्याकडे डेमो मशीनवर हा आकडा दाखवायला जरूर सांगा.

प्रोसेसरचंही तसंच. इंटेलच्या कोअर आय-९ १४९००एचएक्सची मूळ वीज ५५ वॉट, पण जोर लावल्यावर तो थोडा वेळ १५७ वॉटपर्यंत जाऊ शकतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकदम कामाला लागले की वरून स्क्रीन आणि पंखे धरून गरज अडीचशे वॉटच्या आसपास पोचते. म्हणूनच सोबत २८० किंवा ३३० वॉटचा अ‍ॅडॅप्टर येतो. बाजारात 'चालतो' म्हणून मिळणारा कमी वॉटचा अ‍ॅडॅप्टर लावला तर मशीन सुरू होतं, चार्जिंगचं चिन्हही दिसतं, पण जड कामात वेग निम्म्यावर येतो किंवा चार्जर लावूनही बॅटरी उतरते. १०० वॉटचा टाइप-सी चार्जर प्रवासात मेल आणि ब्राउझरपुरता ठीक आहे. रेंडरला तो पुरणार नाही.

रॅम, एसएसडी, स्क्रीन

रॅम (कामाची तात्पुरती मेमरी) मदरबोर्डवर, म्हणजे मशीनच्या मुख्य सर्किट बोर्डावर, झाळलेली आहे की स्लॉटमध्ये आहे, हे आधी विचारा. झाळलेली असेल तर आज घेतली तेवढीच कायमची. स्लॉट असतील तर एक १६ जीबीची पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, कारण दोन पट्ट्या एकत्र चालल्या की मेमरीची वाट रुंद होते. पुढे वाढवायचं ठरवलं तर एकाच पाकिटातली जोडी घ्या. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅमच्या दोन पिढ्या आहेत : डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही. चार स्लॉटच्या मशीनमध्ये चारही भरले की रॅमचा वेग उतरतो, तो दोष समजू नका. आणि एक महत्त्वाचं : डीडीआर-५ रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मशीन नव्या रॅमची ओळख करून घेत असतं. घाबरून पॉवरचं बटण दाबून धरू नका.

एसएसडीचे (डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हचे) दोन स्लॉट असलेलं मॉडेल घ्या. पहिल्यावर विंडोज आणि सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर चालू काम. दुसरा स्लॉट २२८० (२२ बाय ८० मिलिमीटर) मापाचा आहे की आखूड, ते बघूनच नवी एसएसडी घ्या. बॅकअप मात्र मशीनच्या बाहेर, वेगळ्या हार्ड डिस्कवर हवा. मशीन चोरीला गेलं तर आतल्या दोन्ही एसएसडी सोबतच जातात.

स्क्रीनच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' (रंगांची व्याप्ती मोजायची एक पट्टी) लिहिलं असेल तर फोटो आणि व्हिडिओच्या कामाला ती घेऊ नका. तिच्यावर साध्या एसआरजीबी (स्क्रीनसाठी ठरलेल्या नेहमीच्या) रंगांपैकी साधारण दोन-तृतीयांशच दिसतात. पैठणीचा राणी रंग स्क्रीनवर एक आणि छापून आलेल्या अल्बममध्ये दुसराच, ही तक्रार अशा पॅनेलवर हमखास येते. निदान '१०० टक्के एसआरजीबी' हवं.

बिल आणि पहिला दिवस

बिलावरचा सीरियल नंबर, खोक्यावरचा आणि मशीनच्या तळाचा, तिन्ही जुळवून घ्या. व्यवसायासाठी घेत असाल तर बिल करण्याआधीच जीएसटी नंबर द्या, नाहीतर इनपुट क्रेडिट अडकतं. मशीनवर आणि अ‍ॅडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण व 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. वॉरंटी कुठल्या तारखेपासून धरली आहे ते कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून त्याच दिवशी बघा. तारीख चुकली असेल तर बिल दाखवून दुरुस्त करून घेणं सुरुवातीला सोपं जातं, दोन वर्षांनी नाही.

घरी नेल्यावर काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे कोरे रंग पूर्ण स्क्रीनवर लावून मेलेले पिक्सेल शोधा. मग अ‍ॅडॅप्टर लावून परफॉर्मन्स मोडवर अर्धा तास जड काम चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आकडे बघा. एचएक्स (नावाच्या शेवटी ही अक्षरं असलेला जोरदार) प्रोसेसर क्षणभर ९५ अंशांच्या वर जाणं या वर्गात चालतं. ग्राफिक्स ७५ ते ८५ अंशांत स्थिर राहिलं तर उत्तम. ११५ वॉटचं कार्ड जड कामातही ६० वॉटवर अडून बसलं असेल तर आधी मोड तपासा, मग अ‍ॅडॅप्टरचा प्लग. तरीही तसंच असेल तर मशीन आमच्याकडे आणा. पंख्याचा आवाज मोठा येणारच, तो या मशीनचा श्वास आहे.

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर एसएसडी आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते. पुढे बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झाला किंवा मदरबोर्ड बदलला की मशीन ४८ आकडी बिटलॉकर (विंडोजचं हे कुलूप) रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, मागू शकतं. ती नसेल तर डेटा आम्हालाही काढता येत नाही आणि कंपनीलाही नाही. पहिल्याच दिवशी ती की आपल्या अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा.

वीज : सॉकेट, अर्थिंग, इन्व्हर्टर

३३० वॉटचा अ‍ॅडॅप्टर पूर्ण जोरात जेमतेम दीड-पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे घरातलं साधं ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. त्रास होतो तो सैल सॉकेटचा. पिन हलते, ठिणगी पडते, सॉकेट काळं होतं. असं सॉकेट बदलून टाका. एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा एक्स्टेंशन जोडू नका.

धातूच्या झाकणाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं? अर्थिंग नाही. अ‍ॅडॅप्टरमधल्या गाळणीच्या कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट नेहमीच अर्थकडे जात असतो. अर्थ तुटलेला असला की तो मशीनच्या अंगावर साचतो. दोन पिनचा कन्व्हर्टर लावला की हेच होतं. इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या : ते फेज-न्यूट्रलइतकंच, २३० च्या आसपास, भरायला हवं. अर्थ नसेल तर सर्ज प्रोटेक्टरही अर्धाच उपयोगाचा.

लोडशेडिंगसाठी लॅपटॉपला यूपीएस लागत नाही, त्याची बॅटरीच यूपीएस आहे. उलट बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. त्यावर मोठा लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्ही लावले तर वीज जाताच तो ओव्हरलोड होऊन बंद पडू शकतो. यूपीएसवर मॉनिटर आणि राउटर लावा, लॅपटॉप सर्ज प्रोटेक्टरच्या सॉकेटवर. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर अ‍ॅडॅप्टर गुणगुणतो आणि जास्त तापतो.

वीज गेल्यावर मशीन हळू झालं तर तो बिघाड नव्हे. बॅटरी अडीचशे वॉट देऊच शकत नाही, म्हणून ग्राफिक्सचा वेग मशीन स्वतःच उतरवतं. तरी जड काम चालू ठेवलं तर ९९ वॉट-अवरची बॅटरीही तासाभराच्या आत संपते. बॅटरी ९९ वरच का थांबते? विमानात परवानगीशिवाय नेता येणारी मर्यादा १०० वॉट-अवर आहे.

हवा आणि धूळ

गादी, सोफा, मांडीवरची उशी यांवर हे मशीन चालवू नका. तळाची जाळी बंद होते आणि पाच मिनिटांत वेग पडतो. टेबलावर मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तरी तापमानात फरक दिसतो. मागे आणि बाजूला वीतभर जागा मोकळी ठेवा.

कीबोर्डवर सिलिकॉनचं कव्हर लावून द्या, असं बरेच जण सांगतात. मोठ्या लॅपटॉपना आम्ही ते लावत नाही. यातली बरीच मशीन कीबोर्डच्या फटींतूनही हवा आत ओढतात. कव्हर लावलं की तो रस्ता बुजतो, आणि झाकण मिटल्यावर कव्हराचा दाब स्क्रीनवर येतो तो वेगळाच.

पंखा आणि तांब्याच्या पात्या यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून ब्लोअर मारला तर तो हलत नाही, तळ उघडूनच काढावा लागतो. रस्त्यालगतचं दुकान किंवा चालू बांधकाम असेल तर सहा महिन्यांनी, घरी वर्षातून एकदा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीनं अडवून धरलीच पाहिजे. पंखा मोकळा भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदलावी. काही मॉडेलांत पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. ते वीजवाहक आहे, एक थेंब इकडेतिकडे गेला तर मदरबोर्ड शॉर्ट होतो. कुणालाही मशीन उघडू देण्याआधी हे सांगा.

कोकणात आणि किनाऱ्याजवळ पावसाळ्यात मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. खारट दमट हवेनं कनेक्टर हिरवे पडतात. दोन-तीन दिवसांनी तासभर चालवलं तरी आतली ओल जाते. पावसात भिजलेल्या पिशवीतून आणलं तर तासभर उघडं ठेवून मगच सुरू करा. टेबलाखाली झुरळं असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, त्यांना उबदार मदरबोर्ड फार आवडतो.

झाकण नेहमी मधोमध धरून उघडा. मोठी स्क्रीन एका कोपऱ्यानं रोज उचलली की बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमधून उपटून येतात.

बॅटरी

हे मशीन दिवसभर चार्जरवरच असतं. १०० टक्के भरलेली आणि वर तापलेली, या अवस्थेत लिथियम बॅटरी सगळ्यात लवकर म्हातारी होते. चार्ज पूर्ण भरण्याआधीच थांबवायची सोय लावा : लेनोवोच्या व्हँटेज अ‍ॅपमध्ये 'कन्झर्व्हेशन मोड', डेलच्या बायोसमध्ये 'प्रायमरिली एसी यूज', इतर कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये अशाच नावांनी ती मिळते. महिनाभर वापरणार नसाल तर अर्धी चार्ज करून बंद करा.

टचपॅड वर आला, क्लिक होईनासं झालं, मशीन सपाट टेबलावर डुगडुगायला लागलं, तर बॅटरी फुगली आहे. लगेच चार्जर काढा, मशीन बंद करा. दाबून बसवू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. जुनी बॅटरी अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच जायला हवी.

दुरुस्तीला आणताना

अ‍ॅडॅप्टर सोबत आणा. वेग पडल्याच्या तक्रारीत दोष मशीनचा की अ‍ॅडॅप्टरचा, हे दोन्ही हाताशी असल्याशिवाय ठरवता येत नाही. बिघाड चार्जरवर येतो की बॅटरीवर, सुरू केल्यावर किती मिनिटांनी, कुठलं सॉफ्टवेअर चालू असताना, हे चिठ्ठीवर लिहून द्या. स्क्रीनवर संदेश आला असेल तर मोबाइलवर फोटो काढा. बॅकअप घेऊनच मशीन आमच्या हवाली करा, आणि ती ४८ आकडी की घरी जपून ठेवा. मदरबोर्ड बदलावा लागला तर फोन करून मागू.