फारियाची बोबडी आणि भीतीची नावे

पणजीत जुन्या सचिवालयाला लागून आबे फारियाचा पुतळा आहे. पुढे झुकलेला पाद्री, पसरलेले हात आणि त्यांच्याखाली मागे कलंडत चाललेली बाई. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. दाखवले आहे ते संमोहन, पण पर्यटकांना तो हमखास जादूटोण्याचा प्रकार वाटतो. फोटो काढून ते मांडवीकडे वळतात.

कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या फारियाची एक गोष्ट गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लिस्बनला राणीपुढे प्रवचनाला उभा राहिला आणि त्याची बोबडीच वळली. तेव्हा वडील कोकणीत पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’ म्हणजे समोर बसलेत तो सगळा भाजीपाला, खुशाल काप! पोराची जीभ सुटली. दंतकथा असेलही. आणि एकदा बोबडी वळणे हा काही आजार नव्हे. पण चार माणसांसमोर जायचे या धास्तीने कोणी महिनोन्‌महिने लग्नकार्ये, मुलाखती, वर्गात हात वर करणेसुद्धा टाळू लागला, तर त्याला आज सोशल अँग्झायटी म्हणतात.

हाच फारिया १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाची व्याख्याने देऊ लागला. तेव्हा लोक मानत तसा संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलाही चुंबकी प्रवाह वाहत नाही, जे घडते ते समोरच्याच्या मनात, सूचनेमुळे घडते, असे त्याचे म्हणणे. लोकांनी टर उडवली. १८१९ मध्ये तो गेला. पुढे फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेचा धागा उचलला. १८८९ मध्ये तिथे फ्रॉइड जाऊन आला आणि १८९५ मध्ये त्याने ‘चिंताविकृती’ मज्जादौर्बल्यातून (थकवा, अशक्तपणा अशा तक्रारींचे तेव्हाचे सरसकट निदान) वेगळी काढली.

त्याआधी डॉक्टर हृदयच तपासत. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड पाहून डॉक्टर दा कोस्टाने १८७१ मध्ये ‘चिडके हृदय’ असे निदान लिहिले. आपल्याकडे आजही वेगळे काय होते? रात्री दोनला छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, आता जीव जाणार असे वाटते. गाडी काढून धावाधाव. इसीजी नॉर्मल येतो. ‘गॅस असेल’ म्हणून घरी पाठवतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग कोणी दृष्ट काढतो, कोणी देवळात गाऱ्हाणे घालतो. एकदा हृदय तपासून घेणे बरोबरच, पण त्यानंतर पॅनिक, म्हणजे अचानक येणारा भीतीचा झटका, हा शब्द कोणी उच्चारायला हवा.

हा शब्दही उशिराच वेगळा झाला. १९६० च्या सुमारास अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइनला दिसले की इमिप्रामिन या नैराश्यावरच्या औषधाने अचानक येणारे झटके थांबतात, पण ‘पुन्हा येईल की काय’ ही धास्ती राहतेच. म्हणजे भीती एकाच जातीची नव्हती. १९८० च्या मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने जुन्या चिंताविकृतीचे पॅनिक आणि सततची सर्वसाधारण चिंता असे दोन भाग केले. त्याच वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीत ओसीडी (नको ते विचार आणि कृती पुन्हापुन्हा होणे) आणि आघातोत्तर ताण हे चिंताविकारांच्या यादीतून वेगळ्या प्रकरणांत गेले. दरम्यान मानसोपचारतज्ज्ञ वोल्पेने भीतीला पायरीपायरीने सामोरे जाण्याची, तर बेकने विचार तपासून पाहण्याची पद्धत रूढ केली. आजची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणे बदलण्याची बोलून केलेली उपचारपद्धती, त्यातूनच आली.

गोव्यात वैद्यकशाळा १८४२ पासून. मनोरुग्णालयाला पुढे नाव मिळाले तेही फारियाचेच. पण बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराला जायचे म्हटले की घरात आवाज खाली येतो. म्हणून मला गोव्यातल्या ‘संगाथ’ या स्वयंसेवी संस्थेचा, नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठीचा ‘मानस’ प्रयोग मोलाचा वाटतो. गोव्यातल्या २४ दवाखान्यांत, निम्मी सरकारी आरोग्य केंद्रे आणि निम्मे खासगी डॉक्टर, २,७९६ रुग्णांना घेऊन तो झाला. प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक रुग्णाला आजाराचे नाव न चिकटवता ‘टेन्शन’ म्हणत, श्वासाचे व्यायाम शिकवत, घरातल्या कटकटींवर बोलत. २०१० मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते, नेहमीच्या उपचारांत ४३ च्या आसपास. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

आता बांबोळीला जाण्याआधी घरबसल्या बोलायचे असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू, मोफत, आणि मराठीतून बोलता येते.