लसीका-निचरा (हाताने करावयाचा)

लसीका-निचरा : त्वचेखाली साचलेला लसीकाद्रव (रक्तवाहिन्यांतून ऊतींत झिरपलेला द्रव) हलक्या हाताने, ठरावीक क्रमाने सरकवत शाबूत लसीकावाहिन्यांकडे नेण्याची उपचारपद्धती. हे काम करणारे तिला ‘एमएलडी’ (मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज) म्हणतात, रुग्ण ‘लिम्फ मसाज’ म्हणतात. यातला मसाज हा शब्द जरा फसवा आहे. चोळणे, रगडणे, चेपणे, तिंबणे अशी मालिशीची मराठी क्रियापदे एकाहून एक जोरकस आहेत. हाडे मोकळी झाल्याखेरीज मालिशीचे पैसे वसूल झाले असे आपल्याकडे कुणाला वाटत नाही. या उपचारात मात्र यांतले एकही क्रियापद चालत नाही. तेल नसते, जोर नसतो, त्वचा लाल झाली तर हात चुकला असे मानतात. पहिल्यांदा आलेला रुग्ण दहा मिनिटांनी हमखास विचारतो, ‘सुरू कधी करणार?’

हात हलका का, याचे उत्तर शरीररचनेत आहे. रक्तकेशिकांतून ऊतींमध्ये द्रव सतत झिरपत असतो. त्यातला बराचसा शिरांच्या टोकाशी पुन्हा रक्तात शोषला जातो आणि उरलेला थोडा लसीकामार्गे जातो, असे पाठ्यपुस्तके अनेक दशके सांगत होती. २०१० च्या सुमारास हे चित्र बदलले. बहुतेक ऊतींतला जवळजवळ सगळाच द्रव आणि त्याबरोबर निसटलेली प्रथिने लसीकावाहिन्यांतूनच परततात, असे आता मानतात. या वाहिन्यांची सुरुवात त्वचेच्या अगदी लगत होते. तिथल्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर कडा टाकून बसलेल्या असतात आणि बारीक तंतूंनी आजूबाजूच्या ऊतींना बांधलेल्या असतात. त्वचा किंचित ताणली की तंतू ओढले जातात, कौलांच्या फटी उघडतात, द्रव आत शिरतो. पुढच्या जाड वाहिन्यांत झडपा असतात आणि दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा स्वतः आकुंचन पावून द्रव पुढे ढकलतो. जोरात दाबले तर या नाजूक वाहिन्या नुसत्या मिटतात, आणि रक्तपुरवठा वाढून झिरपणारा द्रवही वाढतो. म्हणून ताणायची ती त्वचा. स्नायूपर्यंत जायचेच नाही.

या वाहिन्या माणसाच्या नजरेला उशिरा पडल्या. १६२२ मध्ये गास्पारे असेल्ली या इटालियन शल्यविशारदाला नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्याजवळ दुधासारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या. त्याला त्या आधी मज्जातंतू वाटल्या. एक कापली तेव्हा पांढरा द्रव बाहेर आला. उपचारांकडे वळायला मात्र आणखी पावणेतीनशे वर्षे गेली. बेल्जियममधील लिएज येथे काम करणारे ऑस्ट्रियन शल्यविशारद अलेक्झांडर फॉन विनिवार्टर यांनी १८९२ मध्ये सुजलेल्या अवयवासाठी तो उंच ठेवणे, पट्टीचा दाब आणि हलके मर्दन अशी त्रिसूत्री लिहून ठेवली. आजच्या उपचाराचा बहुतेक सांगाडा तिच्यात आहे. ती पुढे विसरली गेली, हे वैद्यकाच्या इतिहासातले एक नुकसानच.

आजच्या पद्धतीचे जनकत्व एमिल फोडर (१८९६–१९८६) या डॅनिश गृहस्थांकडे जाते. ते डॉक्टर नव्हते. पत्नी एस्ट्रिड यांच्यासह १९३० च्या दशकात ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान (Cannes) या शहरात मर्दनोपचार करत. दमट इंग्लंडमधून हवापालटासाठी आलेल्या, सतत सर्दीने बेजार आणि मानेच्या गाठी सुजलेल्या लोकांवर उपचार करताना त्यांनी त्या गाठींभोवती हलके हात फिरवून पाहिले. सुजलेल्या लसीका-गाठींना हात लावायचा नाही, असा तेव्हाचा वैद्यकीय दंडक होता. १९३६ मध्ये पॅरिसमधील एका आरोग्य व सौंदर्यविषयक प्रदर्शनात त्यांनी पद्धत मांडली, तेव्हा तिला डॉक्टरांनी नव्हे, सौंदर्यव्यावसायिकांनी उचलले. उपचार की सौंदर्यप्रसाधन, हा या पद्धतीचा दुहेरी संसार तेव्हापासूनचा आहे. १९६० च्या दशकात योहान्नेस आस्डोंक या जर्मन डॉक्टरांनी ती रुग्णांवर पारखून कुठे वापरावी आणि कुठे वापरू नये याची शिस्त लावली. १९७० च्या दशकात जर्मनीतील आरोग्य विमा तिचा खर्च देऊ लागला. मूळचे हंगेरीचे मिखाएल फोल्डी (१९२०–२०१८) आणि त्यांच्या पत्नी एटेल्का यांनी ब्लॅक फॉरेस्टमधील हिंटरझार्टनच्या रुग्णालयात निचरा, दाबपट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा ही चार अंगे एकत्र बांधली. जगभर लसीकाशोफावर, म्हणजे लसीकाद्रव साचून आलेल्या सुजेवर, जो उपचार दिला जातो तो हा चौकडीचा उपचार आहे. निचरा हे त्यातले एक अंग.

प्रत्यक्ष कृती सुजलेल्या हातावर किंवा पायावर सुरू होत नाही, मानेवर होते. शरीरातला सगळा लसीकाद्रव शेवटी गळपट्टीच्या हाडामागे मोठ्या शिरांमध्ये रिकामा होतो. मोरी तुंबली की आधी जाळीशी अडकलेला कचरा काढतात, मग वरून पाणी ओततात, तसेच हे. मान, मग पोटावर खोल श्वासांबरोबर हात, मग काख किंवा जांघ, आणि त्यानंतर अवयवाचा धडाजवळचा भाग. बोटे सर्वांत शेवटी. फोडर यांच्या हातांचे प्रकार चार: जागच्या जागी वर्तुळे, पंपासारखी उघडमीट, पळीने वाढल्यासारखी हालचाल, आणि पाठपोटासारख्या सपाट भागावर गोल फिरत सरकणे. प्रत्येक जागी पाच ते सात आवर्तने, आणि प्रत्येक आवर्तनात ताण दिल्यावर हात पूर्ण सैल सोडायचा. नवशिके हमखास इथे चुकतात. सैल सोडल्यावर वाहिनी पुन्हा भरते, म्हणून अर्धे काम त्या सोडण्यात असते. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या लसीका-गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूचा रस्ता बंद असतो. अशा वेळी द्रव छातीवरून पलीकडच्या काखेकडे, किंवा कुशीवरून त्याच बाजूच्या जांघेकडे वळवतात.

उपचाराची खरी गरज असलेल्यांत काखेतल्या गाठी काढलेल्या किंवा तिथे किरणोपचार झालेल्या स्त्रियांचा मोठा वाटा आहे. सूज शस्त्रक्रियेनंतर लगेच येईलच असे नाही. दोन-तीन वर्षांनीही येते. बांगडी घट्ट होणे, अंगठी न निघणे, ब्लाउजची एकच बाही काचणे अशी तिची सुरुवात असते. या तक्रारी मोजपट्टीच्या आधी कळतात, म्हणून त्या विचाराव्यात. पायाच्या सुजेत स्टेमर यांची खूण पाहतात: अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी त्वचा चिमटीत धरता आली नाही, तर लसीकाशोफ धरून चालावे. सुरुवातीला बोटाने दाबल्यावर खळगा पडतो. पुढे प्रथिने साचून ऊती घट्ट होतात आणि खळगा पडेनासा होतो, तेव्हा उपचार अवघड होतो.

भारतात दुसरे मोठे कारण हत्तीरोग. क्युलेक्स डास वुचेरेरिया बॅनक्रॉफ्टी हा कृमी पसरवतो, आणि त्याची प्रौढ पिढी लसीकावाहिन्यांतच राहते. राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा पट्टा या रोगासाठी ओळखला जातो. सामूहिक औषधवाटपाने प्रसार थांबतो, आधीच सुजलेला पाय मात्र उतरत नाही. या रुग्णांसाठी निचऱ्याच्या हातांपेक्षा टब, मग, साबण आणि कोरडा टॉवेल जास्त मोलाचे आहेत. बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून जंतू शिरून तापाचे झटके येतात, आणि प्रत्येक झटक्यानंतर सूज वाढते. रोज पाय धुऊन कोरडा करणे आणि बुरशीवर मलम लावणे एवढ्याने झटके कमी होतात. सरकारी कार्यक्रमात रुग्णांना या वस्तूंचा संच देतात. केरळमधील कासरगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मटॉलॉजीने आयुर्वेद, योगातील श्वसन आणि दाबपट्ट्या यांची सांगड घातली. गावाकडच्या रुग्णाला घरच्या घरी करता यावे, हा त्यामागचा विचार.

निचऱ्याचा उपयोग नक्की किती? वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात स्तनाच्या कर्करोगानंतरच्या लसीकाशोफावरील सहा चाचण्या आणि २०८ रुग्ण होते. नुसत्या दाबपट्ट्यांनी सूज सुमारे ३० ते ३९ टक्के उतरली. निचऱ्याची जोड दिल्यावर आणखी सुमारे ७ टक्के. पद्धत सुरक्षित आहे आणि सौम्य सुजेत तिचा फायदा जास्त, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे ओझे पट्टी उचलते, हात मदतीला असतो. पट्टी न बांधता नुसता निचरा विकणाऱ्या केंद्रांना हे आकडे अडचणीचे आहेत.

पट्टीबद्दलही एक गोंधळ आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे क्रेप बँडेज फार ताणले जाते. माणूस आडवा पडला तरी ते आवळत राहते आणि चालताना स्नायूंपुढे सैल पडते. इथे लागते ती कमी ताणाची पट्टी. ती विश्रांतीत सौम्य असते आणि स्नायू फुगला की भिंतीसारखी उभी राहते. बोटांना वेगळी पट्टी, घोट्याभोवती फोम, वर थरांवर थर, असे बांधायला सरावाच्या हातालाही अर्धा तास लागतो. कोकणात मे महिन्यात ही पट्टी दिवसरात्र अंगावर ठेवायची म्हणजे काय, हे जर्मन पुस्तकांत लिहिलेले नसते.

अशा उपचाराचा व्यवसाय चालवणाऱ्याचे गणित साध्या मसाज केंद्रापेक्षा वेगळे पडते. निचऱ्याचा एक तास, पट्टीचा अर्धा तास, मोजमाप आणि टिपण धरून एका माणसाच्या हातून दिवसाला पाच रुग्ण झाले तरी खूप. सुरुवातीचे दोन ते चार आठवडे रुग्णाला जवळजवळ रोज यावे लागते, म्हणजे वेळा एकदम अडवाव्या लागतात. एक जण मध्येच गळला की पंधरा दिवसांची रिकामी जागा राहते. खर्च मात्र कमी. खालीवर होणारा पलंग, उशा, धुता येणाऱ्या चादरी, मोजपट्टी, पट्ट्यांचे दोन संच (एक अंगावर, एक दोरीवर). तेलाचा खर्चच नाही. नखे कापलेली, हात ऊबदार. काख, छाती, जांघ या जागा उघड्या ठेवाव्या लागतात म्हणून आधी सांगून संमती घेणे, हात ठेवायचा तेवढाच भाग उघडणे, आणि स्त्री रुग्णाने मागितल्यास स्त्री उपचारक किंवा सोबत बसायला घरचे कुणी, ही पथ्ये पाळावीच लागतात.

प्रशिक्षणाबाबत देशोदेशी फरक आहे. जर्मनीत फिजिओथेरपिस्टला किंवा परवानाधारक मर्दनकाराला यासाठी १७० तासांचा स्वतंत्र अभ्यासक्रम करावा लागतो, तेव्हा विम्याकडून ३०, ४५ किंवा ६० मिनिटांचे बिल मिळते. उत्तर अमेरिकेत लसीकाशोफाच्या प्रमाणपत्रासाठी १३५ तास धरतात. तिथल्या रुग्णांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर दाबकपड्यांचा खर्च मेडिकेअर या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्यात आणणारा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. भारतात फिजिओथेरपिस्ट २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याच्या कक्षेत येतात. मसाज केंद्राचे तसे नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात थोड्या कामगारांच्या जागेला नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरते, आणि तिथे कोणता हात चालतो हे ती सूचना विचारत नाही. तेव्हा पाटीपेक्षा प्रशिक्षणाचे तास विचारलेले बरे.

कुणाला हात लावायचा नाही, हे उपचारकाला आधी यावे लागते. अवयव लाल, गरम, ताप असेल तर ती जंतुबाधा. निचरा थांबवून रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवावे. एकाच पोटरीत अचानक सूज आणि दुखणे असेल तर शिरेत गुठळी असू शकते. दोन्ही पाय सुजलेले आणि चालताना धाप लागत असेल तर हृदय किंवा मूत्रपिंड तपासल्याशिवाय एक आवर्तनही नाही, कारण दुबळ्या हृदयाकडे आणखी द्रव ढकलणे धोक्याचे. वाढलेले थायरॉइड किंवा उतारवय असेल तर मानेवरचे हात गाळतात. कर्करोगाचे उपचार चालू असतील तर त्या डॉक्टरची चिठ्ठी हवी.

राहिला सौंदर्याचा संसार. ‘शरीरातील विषद्रव्ये बाहेर’ आणि ‘एका सत्रात दोन इंच कमी’ अशा जाहिराती या पद्धतीच्या नावावर चालतात. लसीकाद्रव विष नाही. तो रक्तातच परत जातो, आणि शुद्धीकरणाचे काम यकृत व मूत्रपिंडे विनामूल्य करतात. चरबी याने हलत नाही. सकाळी फुगलेला चेहरा हलक्या हाताने उतरतो हे खरे, पण तो दुसऱ्या चहापर्यंत आपोआपही उतरतो. चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सूज कमी करण्यासाठी निचरा देतात, तो शल्यविशारदाच्या सांगण्यावरून. टाक्यांच्या छिद्रांतून द्रव पिळून काढण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो, त्याचा या पद्धतीशी काही संबंध नाही आणि त्याने जखमेत जंतू शिरतात.

सुरुवातीचे आठवडे संपले की रुग्णाला मापाची दाबबाही किंवा मोजा देतात आणि स्वतःच्या हाताने करायचा वीस मिनिटांचा निचरा शिकवतात. इथे उपचारकाचे उत्पन्न घटते, आणि नेमके याच वेळी दहा सत्रांचे आणखी एक पॅकेज पुढे सरकवण्याचा मोह होतो. बाही साधारण सहा महिन्यांत सैल पडते. तेव्हा रुग्ण येते, दर चार सेंटिमीटरवर हाताचा घेर मोजून मागच्या नोंदीशेजारी लिहितात, नव्या बाहीचे माप घेतात आणि ती घरी करते ते हात एकदा करून दाखवायला सांगतात. अर्धा तास पुरतो.