जागतिक शहर

जागतिक शहर : जगभर विखुरलेल्या उत्पादनावरचे, व्यापारावरचे आणि भांडवलावरचे नियंत्रण जिथे एकवटते आणि त्या नियंत्रणासाठी लागणाऱ्या विशेष सेवा जिथे घडतात, असे शहर. अफाट लोकसंख्या हे त्याचे लक्षण नव्हे. ढाका आणि किन्शासा ही कोट्यवधी वस्तीची शहरे या विषयावरच्या याद्यांत बरीच खाली असतात. सुमारे साडेचार लाख वस्तीचे झुरिक मात्र वर असते. म्हणून महानगर आणि जागतिक शहर या संज्ञांची गल्लत टाळावी. मराठीत ‘विश्वनगर’ आणि ‘वैश्विक शहर’ असेही पर्याय आढळतात. ‘जागतिक दर्जाचे शहर’ हा भाषणांतला शब्दप्रयोग वेगळा आहे. त्यात रस्ते, उड्डाणपूल आणि मेट्रो यांचा दर्जा अभिप्रेत असतो.

संज्ञेचा उगम : या संज्ञेचे जनकत्व बरेच संदर्भग्रंथ स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) यांना देतात. त्यांच्या १९१५ सालच्या ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ या ग्रंथात ‘वर्ल्ड सिटीज’ हा शब्द एका प्रकरणाच्या शीर्षकातच आहे. वाढत वाढत एकमेकींत मिसळलेल्या शहरांच्या पट्ट्याला ‘कॉनर्बेशन’ हे नावही त्यांनी याच ग्रंथात दिले. तो शब्द त्यांचाच असल्यामुळे दुसराही त्यांच्या खात्यावर जमा झाला असावा. पण ‘वर्ल्ड सिटी’ या दुसऱ्या शब्दाबाबतचा दावा टिकणारा नाही. जर्मन भाषेतला ‘वेल्टश्टाट’ (जागतिक शहर) हा शब्द जर्मन कवी गटेने १७८७ च्या सुमारास रोम व पॅरिस यांच्या सांस्कृतिक श्रेष्ठतेसंबंधी वापरल्याचे भूगोलज्ञ झाँ गॉतमान यांनी नमूद केले आहे. इंग्रजीतही १८८६ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने लिव्हरपूलला जागतिक शहर म्हटले होते. हे दोन उल्लेख एकाच अर्थाचे नाहीत. गटेच्या वापरात संस्कृतीचा मान आहे, साप्ताहिकाच्या वर्णनात बंदराचा व्यापार. आजची संकल्पना या दुसऱ्या अर्थाच्या अधिक जवळची आहे.

गेडिस यांचा मुंबईशी निकटचा संबंध होता. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचे सामान घेऊन येणारे जहाज ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. प्रदर्शन पुन्हा जमवावे लागले. मुंबई इलाख्यातील सहा शहरांच्या पुनर्रचनेवर त्यांनी १९१५ मध्ये अहवाल लिहिले आणि १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा सांभाळली. त्यांच्यानंतर तो विभाग गो. स. घुर्ये यांच्याकडे आला.

ब्रिटिश भूगोलज्ञ पीटर हॉल यांनी १९६६ मध्ये ही संज्ञा पुन्हा चर्चेत आणली. त्यांनी लंडन, पॅरिस, मॉस्को, न्यूयॉर्क आणि टोकियो यांच्या जोडीला नेदरलँड्समधील रांडस्टाड आणि जर्मनीतील ऱ्हाइन-रूर हे दोन नागरी पट्टेही निवडले. राजकीय सत्ता, व्यापार, विद्या आणि कला या सगळ्यांचे केंद्र असणे ही त्यांची कसोटी होती. जॉन फ्रीडमन व गोएट्झ वुल्फ यांच्या १९८२ च्या लेखाने आणि फ्रीडमन यांच्या १९८६ च्या गृहीतकाने कसोटीच बदलली. शहर जागतिक अर्थव्यवस्थेत कोणते काम करते आणि श्रमविभागणीत कुठे बसते, हा प्रश्न पुढे आला. फ्रीडमन यांनी या निकषावर शहरांची जी उतरंड लावली, तीत मुंबईला जागा नव्हती.

सासेन यांची मांडणी : समाजशास्त्रज्ञ सास्किया सासेन यांनी १९९१ च्या ‘द ग्लोबल सिटी’ या ग्रंथात न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियो या तीन शहरांचा अभ्यास मांडला. जुना ‘वर्ल्ड’ हा शब्द बाजूला सारून ‘ग्लोबल’ हा त्यांनी जाणीवपूर्वक घेतला; जागतिक शहरे पूर्वीही होती, आपण सांगतो ते सध्याच्या टप्प्याचे वैशिष्ट्य, असे त्यांना सुचवायचे होते. तारा आणि संगणक यांमुळे कारखाना कुठेही हलवता येऊ लागला, तेव्हा शहरांचे महत्त्व घटेल असे अनेकांना वाटत होते. सासेन यांचे म्हणणे नेमके उलट आहे. काम जितके पांगते तितके त्याचे सूत्रसंचालन गुंतागुंतीचे होते. दहा देशांचे कर-कायदे, चलने, विमा, लेखापरीक्षण आणि जाहिरात यांचा मेळ घालणारे तज्ज्ञ कंपनी स्वतःकडे बाळगत नाही, बाहेरून घेते. आणि हे तज्ज्ञ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतात.

हाकेचे हे अंतर लंडनच्या लाइम स्ट्रीटवरील लॉइड्सच्या विमाबाजारात प्रत्यक्ष दिसते. एडवर्ड लॉइड यांच्या सतराव्या शतकातील कॉफीघरात या बाजाराची सुरुवात झाली. १९८६ पासून तो रिचर्ड रॉजर्स यांनी आखलेल्या इमारतीत भरतो. आत उंच मोकळे दालन आहे आणि विमेकऱ्यांची ‘बॉक्स’ म्हणून ओळखली जाणारी बाके ओळीने मांडलेली असतात. एखाद्या जहाजाचा विमा उतरवायचा असेल, तर दलाल जोखमीचा तपशील लिहिलेला कागद घेऊन आधी त्या प्रकारातल्या जाणत्या विमेकऱ्याकडे जातो. तो दर ठरवतो, आपण किती टक्के जोखीम घेतो ते लिहून शिक्का मारतो. मग दलाल तोच कागद घेऊन पुढच्या बाकाकडे वळतो, आणि शंभर टक्के भरेपर्यंत ही फेरी चालते. आता यातले बरेच काम संगणकावर होते. पण अवघड जोखीम घेताना समोरच्याचा चेहरा वाचण्याची गरज सरलेली नाही.

चलनबाजारातही हीच एकवट दिसते. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी लंडनच्या शेअरबाजारावरील जुनी बंधने एका दिवसात उठली, आणि परदेशी बँकांची तिथे रीघ लागली. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या एप्रिल २०२२ च्या पाहणीत जगातील परकीय चलनाची उलाढाल रोजची सुमारे ७.५ लाख कोटी डॉलर होती. तिचा सुमारे ३८ टक्के भाग ब्रिटनमध्ये, १९ टक्के अमेरिकेत आणि ९ टक्के सिंगापूरमध्ये नोंदला गेला. जपानचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास होता. टोकियोला या त्रयीत बसवणारी १९९१ ची मांडणी त्या काळाच्या जपानी तेजीची छाप घेऊन आली होती, असे आज वाटते.

मोजणीची पद्धत : १९९८ च्या सुमारास इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात पीटर टेलर व सहकाऱ्यांनी जागतिक शहरांच्या अभ्यासाचा गट उभारला. त्यांनी १९९९ मध्ये १२२ शहरे तपासून ५५ जागतिक शहरांची यादी केली : वरून खाली अशा तीन श्रेणींत १० अल्फा, १० बीटा आणि ३५ गामा. मुंबई आणि दिल्ली या ५५ मध्ये नव्हत्या. जागतिक शहर घडत असल्याची चिन्हे दाखवणाऱ्या पुढच्या गटात होत्या. नंतरच्या याद्यांत मुंबई अल्फा श्रेणीत आली.

पुढे पद्धत बदलली. २००० च्या मोजणीत १०० सेवा-कंपन्या आणि ३१५ शहरे घेतली, नंतर कंपन्या १७५ आणि शहरे पाचशेहून अधिक झाली. प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक शहरातील कार्यालयाला ० ते ५ गुण मिळतात. मुख्यालयाला ५, नेहमीच्या कार्यालयाला २, कार्यालयच नसेल तर ०. मग दोन शहरांच्या गुणांचा गुणाकार करतात : एखाद्या विधी-संस्थेचे मुख्यालय लंडनमध्ये व साधे कार्यालय मुंबईत असेल, तर त्या संस्थेपुरता लंडन-मुंबई दुवा १० गुणांचा होतो. सर्व कंपन्यांच्या अशा दुव्यांची बेरीज म्हणजे शहराची जोडणी. पद्धत पारदर्शक आहे आणि दर काही वर्षांनी पुन्हा वापरता येते, हे तिचे मोठे बळ. मात्र दोन कार्यालयांत काम खरोखर किती चालते, हे ती मोजत नाही. कार्यालये आहेत म्हणजे व्यवहार असणार, असे धरून चालते. बंदरातला माल किंवा आखातात गेलेल्या रत्नागिरीच्या कामगाराने घरी धाडलेला पैसा तिच्या जाळ्यात सापडत नाही. वृत्तपत्रे या यादीला गुणवत्तायादी समजून बातम्या देतात. यादीचा तो हेतू नाही.

विषमतेचा वाद : अशा शहरांत गलेलठ्ठ पगाराची आणि तुटपुंज्या मजुरीची अशी दोन्ही टोकांची कामे वाढतात आणि मधला थर झिजतो, असे सासेन यांचे प्रतिपादन आहे. क्रिस हॅमनेट यांनी १९९४ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते लंडन आणि रांडस्टाडमध्ये वाढला तो व्यावसायिकांचा वर्ग. तळ फुगला असे आकडे दाखवत नाहीत, आणि न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसचा अनुभव तिथल्या स्थलांतरामुळे निराळा आहे. आकड्यांपुरता हॅमनेट यांचा मुद्दा अधिक पक्का दिसतो. पण लंडनच्या कॅनरी वार्फमधल्या बँकांच्या इमारती रात्री झाडून-पुसून पहाटेच्या बसने परतणारी माणसे त्याच अर्थव्यवस्थेचा भाग आहेत. पूर्व लंडनमधील चर्च, मशिदी, शाळा आणि कामगार संघटना यांच्या एकजुटीने २००१ मध्ये जगण्यापुरत्या वेतनाची मोहीम सुरू केली, ती प्रामुख्याने अशाच माणसांसाठी.

वसाहतकालीन मुळे : अँथनी किंग यांनी वसाहतींच्या बंदरशहरांकडे, तर जॅनेट अबू-लुघोद यांनी तेराव्या-चौदाव्या शतकांतील व्यापारी जाळ्यांकडे लक्ष वेधले. जागतिक शहर ही १९७० नंतरची निर्मिती मानण्यापेक्षा हा दृष्टिकोन अधिक ग्राह्य ठरतो, आणि मुंबई त्याचा ठळक पुरावा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) लिव्हरपूलला जाणारा कापूस आटला, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरांचा सट्टा शिगेला पोहोचला, आणि युद्ध संपताच १८६५ च्या जुलैत पेढ्या धडाधड कोसळल्या. इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्यांच्या मागणीवर मुंबईतल्या घरांचे नशीब ठरत होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७० मध्ये समुद्राखालून तार आली, १८७५ मध्ये शेअरदलालांची संघटना स्थापन झाली.

पुढचे वळण क्लेशकारक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप फसला, गिरण्या एकेक करून थंडावल्या. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीची मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे आणि मालक अशी ढोबळ तिहेरी वाटणी व्हायची होती. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. परळ-लोअर परळमध्ये भोंग्याच्या जागी आता जाहिरातसंस्था, वित्तसंस्था आणि वकिलांची कार्यालये आहेत. सासेन ज्यांना उत्पादक सेवा म्हणतात, म्हणजे कंपन्या बाहेरून घेतात त्या तज्ज्ञ सेवा, त्या इथे गिरणगावाच्या जमिनीवर उभ्या राहिल्या. खानावळी आणि चाळींतली माणसे कर्जत-कसारा-विरारकडे सरकली.

जेनिफर रॉबिन्सन यांनी २००२ मध्ये, बहुसंख्य शहरे या संशोधनाच्या नकाशाबाहेरच राहतात, असा आक्षेप नोंदवला आणि प्रत्येक शहराकडे ‘सामान्य शहर’ म्हणून पाहण्याचा आग्रह धरला. आफ्रिकेतील शहरांचे स्थान या साहित्यात अजूनही तोकडे आहे.

शासनाची भूमिका : रिचर्ड चाइल्ड हिल आणि जून वू किम यांनी २००० मध्ये दाखवले, की टोकियो आणि सोल ही बाजाराच्या नव्हे तर शासनाच्या आखणीतून घडलेली शहरे आहेत. सिंगापूरने १९६८ मध्ये अमेरिकेतला बाजार मिटल्यावर आणि युरोपातला उघडण्याआधीची वेळ हेरून डॉलरबाजार उभारला. हिऱ्यांच्या व्यापारातही शासनाचा हात दिसतो. पैलू पाडण्याचे काम सुरतेत, खरेदी-विक्री आणि पतपुरवठा अँटवर्प, दुबई व मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात. पण २०१३ मध्ये डी बीअर्स कंपनीला कच्च्या हिऱ्यांची विक्री लंडनहून बोट्स्वानाची राजधानी गॅबरोन येथे हलवावी लागली, कारण खाणी ज्याच्या भूमीत आहेत त्या देशाच्या सरकारने ती अट घातली होती. भारतात पर्सी मिस्त्री यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ मध्ये मुंबईला आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्र करण्याचा आराखडा दिला. देशातले असे पहिले केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले ते गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत, आणि त्याचे नियामक प्राधिकरण २०२० मध्ये तिथेच स्थापन झाले. रिझर्व्ह बँक, सेबी आणि दोन्ही मोठे शेअरबाजार मात्र मुंबईतच आहेत.