टॅग पेअर होत नाही? आधी अकाउंट तपासा

(चाव्या, पाकीट, बॅग हरवल्यास फोनवरून शोधता यावेत म्हणून त्यांना लावायचे ब्लूटूथ टॅग आमच्याकडून नेलेल्या आणि नेणार असलेल्या ग्राहकांसाठी)

‘टॅग बिघडलाय, बदलून द्या’ म्हणून जे टॅग दुकानात परत येतात, त्यांतले बरेचसे ठणठणीत असतात. सेल चांगला असतो, आवाज येतो, तरी नव्या फोनवर टॅग पेअर होत नाही. कारण बहुतेक वेळा एकच निघतं: टॅग आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी अकाउंटवर नोंदलेला असतो. हे घरच्या घरी सुटतं, आणि तुमची फेरी वाचते.

पेअर करताना हातात फोन असतो, त्यामुळे टॅग त्या फोनला जोडला गेला असं वाटणं साहजिक आहे. पण नोंद होते ती त्या फोनवर चालू असलेल्या अकाउंटवर. आयफोन असेल तर ॲपल अकाउंट, अँड्रॉइड असेल तर गूगल अकाउंट (सॅमसंगच्या टॅगसाठी सॅमसंग अकाउंट). ही नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि एका वेळी टॅगचा मालक एकच असतो. चोरलेला किंवा सापडलेला टॅग दुसऱ्याला परस्पर स्वतःच्या नावावर करता येऊ नये, यासाठी हे कुलूप मुद्दाम घातलेलं आहे. ते आम्हालाही उघडता येत नाही.

घोळ असा होतो. टॅग घरी येतो, मुलाचा फोन हाताशी असतो, त्यावर झटपट पेअर होतो आणि वडिलांच्या चाव्यांना लागतो. आता चाव्या हरवल्या की शोधायला मुलगा हवा. शिवाय मुलगा बाहेरगावी गेला की टॅगच्या दृष्टीने तो मालकापासून दुरावलेला असतो. मग हलवल्यावर तो अधूनमधून वाजू लागतो आणि वडिलांच्या फोनवर ‘अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरत आहे’ असा इशारा येतो. हा बिघाड नाही. कुणाच्या नकळत कुणाचा पाठलाग होऊ नये म्हणून असलेली ही सोय आहे. मे 2024 पासून असा इशारा आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर येतो.

यानंतर जी चूक होते तिच्यात सगळ्यात जास्त वेळ जातो: सेल काढून घालणं, रीसेट करणं, परत पेअर करून पाहणं. रीसेटने फक्त टॅगच्या आतली जुनी जोडणी पुसली जाते. सर्व्हरवरची नोंद तशीच राहते. ती काढल्याशिवाय कितीही वेळा रीसेट केलं तरी नवीन अकाउंट टॅग स्वीकारणार नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी अकाउंटमधून काढायचा, मग गरज पडली तरच रीसेट.

ॲपलचा एअरटॅग असेल तर ज्याच्या अकाउंटवर तो आहे त्या व्यक्तीने आपला फोन आणि टॅग जवळजवळ ठेवावेत. ब्लूटूथ आणि इंटरनेट चालू करावं. ‘फाइंड माय’ ॲपमध्ये वस्तूंच्या यादीतून तो टॅग उघडून अगदी खाली असलेला काढून टाकण्याचा पर्याय निवडावा. टॅग जवळ असेल तर एवढ्यानेच तो मोकळा होतो, सेलला हात लावावा लागत नाही. मालक परगावी असेल तरी त्याला तिथून आपल्या फोनवर हेच करता येतं. फक्त मग इकडे टॅग रीसेट करावा लागतो. स्टीलचं झाकण दाबून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, सेल काढा, परत बसवा आणि आवाज येईपर्यंत दाबून धरा. आवाज थांबला की पुन्हा तेच. असं एकूण पाच वेळा. पाचवा आवाज आधीच्या चारांपेक्षा वेगळा येतो. तो ऐकू आला की टॅग नव्या फोनजवळ न्या.

इतर कंपन्यांच्या टॅगना रीसेटची पद्धत वेगळी असते आणि ती खोक्यातल्या कागदावर दिलेली असते. क्रम मात्र हाच.

फोन बदलताना टॅग काढायची गरज नाही. नव्या फोनवर तेच अकाउंट सुरू केलं की टॅग आपोआप दिसतो. अँड्रॉइडवर काही वेळा जुन्या फोनचा स्क्रीन लॉक पिन विचारला जातो, तेवढा लक्षात असू द्या. घरात दोघांनी एकच टॅग वापरायचा असेल तर अकाउंट बदलत बसू नका. आयफोनच्या आयओएस 17 पासून एअरटॅगचा मालक तो आणखी पाच जणांना शेअर करू शकतो, आणि त्यांना पाठलागाचे इशारे येत नाहीत.

आता आमच्या एका नियमाबद्दल. टॅग घेताना आम्ही ‘ज्याच्या चाव्या, त्याचाच फोन आणा’ असं सांगतो आणि दुकानातल्या फोनवर तात्पुरतं पेअर करून देत नाही. घाईत असलेल्या ग्राहकाला हे जाचक वाटतं, याची आम्हाला कल्पना आहे. पण आमच्या अकाउंटवर पेअर केलेल्या टॅगची जागा आम्हाला दिसत राहील, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते आम्हाला कळेल. हे कुठल्याही दुकानाने करू नये. पासवर्ड आम्ही विचारत नाही, तो तुम्ही स्वतः टाकायचा. बाकी जोडणी, नाव देणं, चाचणी हे आम्ही समोर बसून करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

टॅग निवडतानाही फोन बघूनच निवडावा लागतो. एअरटॅग अँड्रॉइड फोनवर पेअर होत नाही, सॅमसंगचा स्मार्टटॅग फक्त गॅलेक्सी फोनवर चालतो. ॲपल आणि गूगल या दोन्हींच्या नेटवर्कवर (टॅग शोधणाऱ्या फोनांच्या जाळ्यावर) चालणारे टॅगही मिळतात, पण ते एका वेळी एकाच नेटवर्कवर चालतात. पाकिटासाठी कार्डासारखा पातळ टॅग घ्या, जाड गोल टॅगने पाकीट फुगतं. धातूचं पाकीट असेल तर आम्हाला आधी सांगा, त्यात सिग्नल अडतो.

‘टॅग जुनीच जागा दाखवतो’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. या टॅगमध्ये जीपीएस नसतो. जवळून जाणारे इतरांचे फोन त्याचा सिग्नल पकडून जागा कळवतात, त्यामुळे नकाशावरच्या ठिपक्यासोबतची वेळ आधी वाचा. आसपास फोनच नसतील तर जागा ताजी होणार नाही. गूगलच्या नेटवर्कवर सुरुवातीला ‘फक्त वर्दळीच्या भागात’ असं सेटिंग असतं. ते ‘सर्व भागांत’ असं केलं तर तुमचा फोन कमी वर्दळीच्या ठिकाणीही शोधात भाग घेतो. असे फोन जितके जास्त, तितका शोध सगळ्यांसाठीच सोपा.

सेल बहुतेक गोल टॅगमध्ये सीआर 2032 लागतो, साधारण वर्षभर चालतो, आणि एअरटॅगमध्ये + ची बाजू वर ठेवून बसतो. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलना कडू लेप दिलेला असतो. तो लेप कुठे आहे त्यानुसार असा सेल एअरटॅगमध्ये कधीकधी चालत नाही. नवा सेल घालूनही टॅग गप्प असेल तर आधी हे तपासा. चालतील असे सेल आम्ही वेगळे ठेवतो. जुने-नवे सगळे सेल मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. गिळला गेल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या.

एवढं करूनही टॅग पेअर झाला नाही तर जरूर या. सोबत टॅग, ज्याच्या अकाउंटवर तो चालवायचा आहे त्याचा फोन आणि पासवर्ड आठवणारी ती व्यक्ती, तिन्ही आणा.