डॉपलर तपासणी, गर्भाची

जोखमीच्या गर्भारपणात नाळ, गर्भाचा मेंदू आणि गर्भाशय यांच्या रक्तवाहिन्यांतील प्रवाह श्राव्यातीत ध्वनीने मोजून गर्भाची स्थिती अजमावण्याची पद्धत. तिचा आधार ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान डॉपलर यांनी १८४२ मध्ये मांडलेले तत्त्व (हलणाऱ्या वस्तूमुळे लहरींची वारंवारता बदललेली भासते) हा होय. प्रसूतिशास्त्रातील तिचा आरंभ काही जण १९६४ च्या सुमाराचा, म्हणजे गर्भाचे ठोके या तत्त्वाने ऐकले जाऊ लागले तेव्हाचा मानतात. तथापि ठोके ऐकणे आणि प्रवाह तपासणे या निराळ्या गोष्टी असल्याने, डब्लिन येथे फिट्झजेराल्ड व ड्रम यांनी नाळेतील प्रवाहाचे आलेख प्रसिद्ध केले ते १९७७ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक ठरते. बाह्यरुग्ण विभागात ठोके ऐकवणारे हातातले यंत्र म्हणूनच या नोंदीच्या कक्षेबाहेर आहे.

नाळेच्या धमन्या गर्भाचे रक्त वारेकडे (प्लासेंटाकडे) नेतात. वारेतील सूक्ष्म वाहिन्या बंद पडू लागल्या की रोध वाढतो आणि हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या प्रसरणकाळात पुढे सरकणारा प्रवाह आधी मंदावतो, मग थांबतो, अखेरीस उलटा वाहतो. प्रवाह थांबल्यास साधारणतः ३२ ते ३४ आणि उलटल्यास ३० ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान प्रसूतीचा विचार होतो. त्या आठवड्यांआधी शिरावाहिनीचा (डक्टस व्हेनोसस, म्हणजे नाळेतून आलेले रक्त हृदयाकडे नेणारी गर्भातील वाहिनी) आलेख व ठोक्यांची नोंद पाहतात. गर्भ हालत असताना किंवा श्वसनासारखी हालचाल करत असताना घेतलेला आलेख फसवा असतो, त्यामुळे गर्भ शांत होईपर्यंत तपासनीस प्रोब (पोटावर टेकवायचा यंत्राचा भाग) धरून थांबतात.

मेंदूच्या मध्य धमनीतील रक्ताचा कमाल वेग गर्भाच्या वयानुसारच्या मध्यकाच्या (मधल्या मूल्याच्या) दीडपटीहून अधिक असल्यास गर्भाला मध्यम ते तीव्र रक्तक्षय असावा असे मानतात. आरएच विसंगतीत (माता व गर्भ यांचे आरएच रक्तगट न जुळल्यास) यामुळे तपासणीसाठी गर्भजल काढण्याची गरज बरीच कमी झाली. ३४ आठवड्यांनंतर वाढ खुंटलेल्या गर्भात नाळेचा आलेख अनेकदा निर्दोष दिसतो, आणि मातेच्या मधुमेहातही तो निर्दोष राहून गर्भ संकटात असू शकतो. केवळ नाळेवर विसंबणे म्हणूनच इष्ट नव्हे.

दहा हजारांहून अधिक मातांच्या चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात जोखमीच्या गटात प्रसूतिकालीन अर्भकमृत्यू सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले, परंतु पुराव्याचा दर्जा मध्यम प्रतीचा आहे. कमी जोखमीच्या मातांत सरसकट तपासणीचा लाभ सिद्ध झालेला नाही.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये व केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. ही तपासणी त्याच्या कक्षेत येत असल्याने मुंबईतील सोनोग्राफी केंद्रांत ‘फॉर्म एफ’ (कायद्याने ठरवलेला नोंदीचा अर्ज) भरून आणि गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही असे मातेने लिहून दिल्यावरच ती केली जाते, मग एकाच गर्भारपणात ती कितीही वेळा करावी लागो.